साडेचारचा प्राइम टाइम: ‘क्रॉसफायर’वर लघुप्रबंध करताना मी कुठे आपटले

नव्या बॅचमधल्या तिघाचौघांनी गेल्या दोन महिन्यांत मला एकच प्रश्न विचारलाय. टीव्हीवरच्या एखाद्या राजकीय चर्चेच्या कार्यक्रमाच्या इतिहासावर लघुप्रबंध करायचाय, सोपं जाईल ना? दर वेळी मी फोनवर अर्धा-पाऊण तास बोलते आणि शेवटी पलीकडून येतं, ‘ताई, म्हणजे करू की नको?’ करा. मी केला तसा मात्र करू नका. एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे माझाही घसा वाचेल.

सिनॉप्सिस कसा लिहायचा, संदर्भ कसे द्यायचे, प्लेजरिझमचा टक्का कितीच्या आत हवा, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात मी शिरत नाही.

माझा विषय होता सीएनएन या अमेरिकन वृत्तवाहिनीवरचा ‘क्रॉसफायर’, म्हणजे डाव्या आणि उजव्या विचारांची माणसं समोरासमोर बसून वाद घालतात तो कार्यक्रम. नाशिकच्या सिडकोत वाढलेल्या, वडील अंबडच्या कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या मुलीने अमेरिकेतला बंद पडलेला कार्यक्रम का निवडावा, हे मला सगळ्यांनी विचारलं. सिनॉप्सिसमध्ये मी ‘जागतिक माध्यमव्यवहाराचे आकलन’ वगैरे लिहिलं होतं. खरं कारण एवढंच की मी एक क्लिप पाहिली होती आणि ती मला जबरदस्त आवडली होती.

क्लिप तुम्हीही पाहिली असेल. १५ ऑक्टोबर २००४. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक तीन आठवड्यांवर आलेली. वॉशिंग्टनमधल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातला सेट, समोर प्रेक्षक. डाव्या बाजूने पॉल बेगाला, उजव्या बाजूने बो-टाय घातलेला टकर कार्लसन. पाहुणा जॉन स्ट्युअर्ट, विनोदी बातम्यांचा कार्यक्रम करणारा. तो पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी आला, पण विनोद करायलाच तयार होईना. तुम्ही वाद घालत नाही, वादाचं नाटक करता, त्याने देशाचं नुकसान होतंय, थांबा, असं तो त्यांच्याच टेबलावर बसून सांगत राहिला. कार्लसन म्हणतोय, जरा हसवा की. स्ट्युअर्ट म्हणतोय, मी तुमचं माकड नाही. पुढे जानेवारी २००५ मध्ये सीएनएनने कार्यक्रम बंद करायचं ठरवलं. तिथले नवे प्रमुख जोनाथन क्लाइन यांनी स्ट्युअर्टचं म्हणणं आपल्याला पटतं असं उघड सांगितलं. जून २००५ मध्ये ‘क्रॉसफायर’ पडद्यावरून गेला.

बघा, गोष्ट कशी तयार वाढलेल्या ताटासारखी समोर आली. विदूषक आला, खरं बोलला, कार्यक्रम मेला. मी त्यावर पाच प्रकरणं रचली. कार्यक्रमाच्या तेवीस वर्षांच्या इतिहासाला सहा पानं आणि त्या पंधराएक मिनिटांना बत्तीस पानं. त्या वेळी हे प्रमाण मला खटकलंही नव्हतं, उलट ‘सखोल विश्लेषण’ जमलं असं वाटत होतं.

मग व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. हळू बोलणाऱ्या एक्स्टर्नलपासून सावध राहा, आरडाओरडा करणारे बरे. त्यांनी माझा काळ्या बाइंडिंगचा प्रबंध मागून उघडला, म्हणजे थेट परिशिष्ट. आणि विचारलं, ‘हा भाग लागला तेव्हा तिथे किती वाजले होते?’

मी छातीठोकपणे म्हणाले, ‘रात्रीचे, सर. प्राइम टाइम.’

त्यांनी प्रबंध टेबलावर फिरवून माझ्याकडे तोंड करून ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. परिशिष्टात मी त्या भागाचा लेखी उतारा छापला होता, सीएनएनने स्वतः दिलेला. त्याच्या डोक्यावर तारीख आणि वेळ होती: १६:३०, अमेरिकेच्या पूर्वेकडची वेळ. दुपारचे साडेचार. आणि खाली माझी स्वतःची तळटीप: ‘भारतीय वेळेनुसार १६ ऑक्टोबर, पहाटे २ वाजता.’ म्हणजे तो आकडा मी वाचला होता, त्यात साडेनऊ तास मिळवले होते, तारीख बदलते हेही शहाणपणाने नोंदवलं होतं. फक्त साडेचार म्हणजे काय, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

‘राजकीय चर्चेचा एवढा गाजलेला कार्यक्रम दुपारी साडेचारला कसा काय लागत होता?’

पंख्याचा आवाज ऐकू येत होता. माझे गाइड खिडकीबाहेर बघत होते. मी काहीतरी पुटपुटले. तिकडे कामाच्या वेळा वेगळ्या असतात, असलं काहीतरी. ते हसलेसुद्धा नाहीत. निकाल आला तो असा: मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा सादर करा.

आता हा सापळा नीट उलगडून सांगते. थोडं लांबेल, पण याच्यासाठीच लिहायला बसलेय.

क्लिप हा कार्यक्रमाचा तुकडा असतो, एवढं तर कुणीही सांगेल. त्रास तेवढ्यावर थांबत नाही. क्लिप जेव्हा तुमच्या मोबाइलवर येते तेव्हा तिच्याभोवतीचं सगळं गळून पडलेलं असतं. आधी कुठला कार्यक्रम होता, नंतर कुठला, किती वाजले होते, शेजारच्या वाहिनीवर काय चाललं होतं, तो कार्यक्रम गेल्या वर्षी कुठल्या वेळेला लागायचा, यातलं काहीच तिच्यासोबत येत नाही. क्लिपला वेळ नसते. रात्री अकराला पाहा नाहीतर सकाळी सिटीबसमध्ये, ती तेवढीच मोठी दिसते. आणि ज्याला वेळ नाही त्याचा इतिहास लिहिता येत नाही, कारण टीव्हीच्या कार्यक्रमाचा इतिहास म्हणजे निम्मा वेळापत्रकाचा इतिहास असतो.

हे मला कुणी शिकवलं सांगू? पुस्तकाने नाही, गाइडने नाही. मामाने. माझ्या मामाचा केबलचा धंदा. आता सगळं मोठ्या कंपनीकडे गेलंय, तो नुसती वसुली करतो, पण एके काळी त्याच्या गच्चीवर छत्र्याच छत्र्या होत्या आणि खालच्या खोलीत यंत्रांची मांडणी. व्हायव्हानंतर मी त्याच्याकडे जाऊन रडत होते. मामी पोहे करत होती. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आधी किती वाजता लागायचा?’

मी म्हटलं, संध्याकाळी.

‘मग दुपारी टाकला म्हणजे तेव्हाच त्याची वाट लागली होती. तुझा तो हसवणारा येऊन काय बोलला त्याच्याशी काय घेणं? बॉडी थंड पडल्यावर आलाय तो.’

मामा दहावी पास. पण त्याला हे कळायचं कारण आहे. जुन्या टीव्हीत केबलची पुढची चॅनल नीट दिसायची नाहीत, काही सेटवर तर लागायचीच नाहीत. त्यामुळे सुरुवातीच्या नंबरांसाठी, म्हणजे प्राइम बँडसाठी, चॅनलवाले पैसे मोजायचे. त्याला कॅरेज फी म्हणतात. कोण पहिल्या दहात आणि कोण साठाव्या नंबरला, यावरून मामा सांगायचा कुठलं चॅनल तगणार. २०१३ मध्ये नाशिकमध्ये सेटटॉप बॉक्स सक्तीचे झाले आणि ती सत्ता गेली. पण नजर गेली नाही.

तर मामाच्या प्रश्नापासून मी परत सुरुवात केली. कॉलेजरोडच्या झेरॉक्सच्या दुकानातून दोन मोठे चार्टपेपर आणले, घरी भिंतीवर चिकटवले आणि चार रकाने आखले: साल, कोण बसायचं, किती वाजता आणि किती वेळ, शेजारी काय चाललं होतं. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त दिवस गेले आणि त्यानेच सगळा प्रबंध उलटा केला.

सीएनएन १ जून १९८० ला सुरू झालं. ‘क्रॉसफायर’ आला जून १९८२ मध्ये. डावीकडून टॉम ब्रेडन, एके काळचे सीआयएचे अधिकारी. उजवीकडून पॅट ब्युकॅनन, अध्यक्ष निक्सनचे भाषणलेखक. हे दोघे त्याआधी वॉशिंग्टनच्या रेडिओवर एकत्र भांडायचे, तीच जोडी टीव्हीवर उचलून आणली. इथेच एक लोकप्रिय चूक टाळता येते. अमेरिकेत ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ नावाचा नियम होता, वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजू दाखवा असं सांगणारा. तो १९८७ मध्ये रद्द झाला. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत सरळ लिहिलेलं असतं की हा नियम गेला म्हणून असले भांडणाचे कार्यक्रम जन्माला आले. अरे, पण ‘क्रॉसफायर’ पाच वर्षं आधीचा आहे! तारीख बघितली की सिद्धांत जागच्या जागी बसतो खाली.

१९८५ मध्ये ब्युकॅनन रेगनच्या व्हाइट हाउसमध्ये गेले, त्यांच्या खुर्चीत रॉबर्ट नोव्हाक आले. १९८७ मध्ये ब्युकॅनन परत. १९८९ मध्ये ब्रेडनच्या जागी मायकल किन्स्ले. नंतर ब्युकॅनन १९९२ च्या आणि पुन्हा १९९६ च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उठले आणि दोन्ही वेळा परत येऊन बसले. जॉन सुनुनू थोरल्या बुशचे चीफ ऑफ स्टाफ होते, तेही इथेच आले. जेराल्डिन फेरारो १९८४ मध्ये उपाध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या, त्याही काही वर्षं डावीकडून बसल्या. म्हणजे स्टुडिओ आणि सरकार यांच्या मधलं दार सताड उघडं होतं. स्ट्युअर्ट २००४ मध्ये जे बोलला, की तुम्ही राजकारण्यांचेच भाग आहात, ते १९८५ पासून पडद्यावर दिसत होतं. माझ्या पहिल्या प्रबंधात या पूर्ण परिच्छेदाची दोन वाक्यं होती.

आता तिसरा रकाना. हा कार्यक्रम वर्षानुवर्षं अर्ध्या तासाचा होता. १९९६ मध्ये सीएनएनच्या दोन प्रतिस्पर्धी वृत्तवाहिन्या आल्या, जुलैत एमएसएनबीसी आणि ऑक्टोबरमध्ये फॉक्स न्यूज, आणि २००२ च्या सुरुवातीला प्रेक्षकसंख्येत फॉक्सने सीएनएनला मागे टाकलं. त्याच २००२ मध्ये सीएनएनने ‘क्रॉसफायर’ला नटवलं. जेम्स कारव्हिल आणि पॉल बेगाला यांना आणलं, विद्यापीठात प्रेक्षकांसमोर सेट मांडला, अर्ध्याचा एक तास केला. आणि एप्रिल २००३ मध्ये तो परत अर्ध्या तासावर आला आणि संध्याकाळवरून दुपारी साडेचारला गेला. संध्याकाळच्या सातच्या जागेवर त्याच सप्टेंबरपासून अँडरसन कूपरचा कार्यक्रम.

इथे घाई करू नका, मी दुसऱ्यांदा इथेच घसरले होते. ‘अर्ध्या तासावर आला म्हणून घसरला’ असं लिहायचा मोह होतो. मुळात तो वीसेक वर्षं अर्ध्या तासाचाच होता आणि त्या काळातच तर गाजला. अर्ध्या तासात काही वाईट नाही. वाईट झालं ते वेळेचं. लोक ऑफिसात असताना लागणारा वाद. म्हणजे स्ट्युअर्ट येण्याच्या दीड वर्ष आधी वाहिनीने या कार्यक्रमाबद्दलचं मत वेळापत्रकात लिहून टाकलं होतं. क्लाइन सीएनएनवर आले नोव्हेंबर २००४ मध्ये, क्लिपनंतर. त्यांना एक थकलेला कार्यक्रम बंद करायचा होता आणि त्यासाठी एक झकास कारण आयतं मिळालं होतं. क्लिपचा काहीच परिणाम नाही असं मी म्हणत नाही. पण साहेब जाहीरपणे सांगतात ते कारण आणि हिशेबाच्या वहीतलं कारण, दोन्ही शेजारी ठेवून बघायला हवीत. माझ्याकडे वहीच नव्हती.

घाबरू नका. मोठ्या दुरुस्त्या म्हणजे नापास नाही. मला तेव्हा तसं वाटलं होतं, गंगापूर रोडने घरी येताना रिक्षात तोंडावर ओढणी घेऊन बसले होते. साडेतीन महिने गेले, पण आयुष्यातलं शिक्षण झालं असेल तर त्या साडेतीन महिन्यांत.

साधनांबद्दल. हे मी आधीच विचारायला हवं होतं आणि कुणीच सांगितलं नव्हतं.

सीएनएनच्या कार्यक्रमांचे लेखी उतारे इंटरनेटवर फुकट आहेत, पण साधारण २००० नंतरचे. म्हणजे कार्यक्रमाची शेवटची पाच वर्षं तुमच्यासमोर शब्दन् शब्द पसरलेली आणि आधीची अठरा वर्षं अंधारात. आपण काय करतो? जिथे उजेड आहे तिथेच शोधतो आणि त्याला ‘कार्यक्रमाचा इतिहास’ म्हणतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडे टीव्ही बातम्यांचा संग्रह आहे, १९६८ पासूनचा, पण त्यात सीएनएन येतं १९९५ पासून, तेही रोजचा एखादा तास. हे विद्यापीठ नॅशव्हिलला आहे. आमच्या एका मित्राने ते ‘नाशिकविल’ वाचलं आणि आठवडाभर माझी टिंगल केली. इंटरनेट अर्काइव्हकडचा टीव्ही बातम्यांचा साठा २००९ पासून पुढचा. ‘क्रॉसफायर’ २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाला होता, त्या पुनरागमनासाठी तो सोन्यासारखा आहे, आधीच्यासाठी कुचकामी. ऐंशीच्या दशकातलं जे यूट्यूबवर दिसतं, उदाहरणार्थ १९८६ मध्ये फ्रँक झप्पा हा संगीतकार गाण्यांच्या सेन्सॉरशिपवर भांडतो तो भाग, ते कुणाला तरी जपून ठेवावंसं वाटलं म्हणून उरलं. रोजचा साधा, कंटाळवाणा भाग कोण कशाला जपेल? आणि इतिहास तर त्याचाच लिहायचा असतो.

मग वेळापत्रक कुठे मिळालं? जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या टीव्हीच्या पानांवर. आपल्याकडे ‘आज टीव्हीवर’ यायचं ना, तसं. आणि टीव्ही उद्योगावर लिहिणाऱ्या वार्ताहरांच्या छोट्या बातम्यांत. दोन इंचाची बातमी, अमुक कार्यक्रम अमुक वेळेला हलवला. मोठ्या लेखांपेक्षा त्या दोन इंचांनी मला तारलं. मी सार्वजनिक वाचनालयात बसून लॅपटॉपवर हे चाळायचे. १८४० पासूनची संस्था आहे, तिथे अमेरिकन टीव्हीचं एक पानही नाही, पण बाजूला आजोबा लोक खाली मान घालून पेपर वाचत बसलेले असतात, त्या शांततेत काम होतं. घरी होत नाही. घरी सगळे विचारतात, अजून किती राहिलं?

तारखांचा एक उपसापळा सांगते, छोटा आहे पण गुण खातो. घोषणेची तारीख आणि घडण्याची तारीख वेगळ्या लिहा. ‘क्रॉसफायर’ २००५ मध्ये कधी बंद झाला? ठरलं जानेवारीत, शेवटचा भाग जूनमध्ये. मधले पाच महिने तो चालू होता. २०१३ मध्ये तो परत आला, न्यूट गिंग्रिच, एस. ई. कप, स्टेफनी कटर आणि व्हॅन जोन्स यांना होस्ट म्हणून घेऊन, तर सीरियाचा प्रश्न पेटला म्हणून ठरल्यापेक्षा आठवडाभर आधीच, ९ सप्टेंबरला सुरू झाला. आधीची घोषणा वाचून तारीख टाकलीत तर चुकलात. पुढे मार्च २०१४ मध्ये मलेशियाचं विमान बेपत्ता झालं, सीएनएन दिवसरात्र त्याच्याच मागे लागलं, ‘क्रॉसफायर’ बाजूला सारला गेला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिकृतपणे संपला. या वेळी कुणी स्ट्युअर्ट आला नव्हता. एका विमानाने वेळ खाल्ली, बस. दुसऱ्या मृत्यूवर क्लिप नाही म्हणून त्याबद्दल कुणाला माहीत नाही.

आणि माणसांना मागून वाचू नका. कार्लसन नंतर फॉक्सवर केवढा मोठा आणि वादग्रस्त उजवा होस्ट झाला हे सगळ्यांना माहीत आहे, २०२३ मध्ये तिथून गेलाही. त्या कार्लसनला डोळ्यापुढे ठेवून २००४ मधल्या बो-टायवाल्या पस्तिशीच्या पोराला वाचलंत तर त्याच्या प्रत्येक वाक्यात भविष्य दिसायला लागतं. मला दिसलं होतं. पानभर लिहिलं होतं. कापलं.

लेखी उताऱ्यांचीही एक गंमत. त्यावर आधीच छापलेलं असतं की हा घाईने केलेला उतारा आहे, अंतिम नाही. आणि दोन माणसं एकदम बोलायला लागली की टंकलेखक हात टेकतो आणि मोठ्या अक्षरांत एकच शब्द टाकतो: क्रॉसटॉक. पुढे सरकतो. पाच सेकंदांचा कल्ला असो की वीस सेकंदांचा, कागदावर तेवढीच जागा. मी एका रविवारी दहा भागांचे प्रिंट घेऊन बसले आणि प्रत्येक ‘क्रॉसटॉक’खाली लाल पेन्सिलने रेघ मारत गेले. तिसऱ्या भागापर्यंत मला मजा येत होती, सातव्याला डोकं दुखायला लागलं. पण एक गोष्ट दिसली. रेघा पाहुण्यांच्या बोलण्यात कमी आणि दोघा होस्टच्या एकमेकांतल्या बोलण्यात जास्त पडत होत्या. म्हणजे पाहुणे निमित्त, कुस्ती घरच्याच पहिलवानांची. हा निष्कर्ष माझ्या एकटीच्या दहा भागांपुरता आहे आणि प्रबंधात मी तसंच लिहिलं. तेवढं लिहिल्यावर कुणी हरकत घेतली नाही. लहान नमुना घेतला म्हणून कुणी मारत नाही, तो मोठा आहे असं दाखवलं की मारतात.

यावरून एक शब्द. पहिल्या प्रबंधात मी सगळीकडे ‘सूत्रसंचालक’ लिहिलं होतं. चूक. सूत्रसंचालक मध्ये उभा असतो, निदान तसा बहाणा तरी करतो. ‘क्रॉसफायर’मध्ये मधला माणूसच नव्हता. दोघे होस्ट स्वतः पक्षकार, आणि कार्यक्रम संपताना तसं सांगायचेही: डावीकडून मी अमुक, उजवीकडून मी तमुक. आपल्याकडे याला जवळचं काही असेल तर कलगीतुरा. एका फडात कलगीवाले, दुसऱ्यात तुरेवाले, दोघांचे शाहीर दोघांचे झीलकरी, सवाल टाकायचा आणि जवाब घ्यायचा, आणि कोण जिंकलं ते लोकांनी ठरवायचं. मी प्रबंधात ‘होस्ट’ हाच शब्द ठेवला आणि एक तळटीप टाकली. ‘यजमान’ लिहू नका, सत्यनारायणाची पूजा वाटते.

गाइडबद्दल बोलू का? बोलतेच. गाइड तीन प्रकारचे असतात असं सीनियर सांगतात, मी म्हणते दोनच: वाचणारे आणि सही करणारे. सही करणारे प्रेमळ असतात, चहा पाजतात, ‘छान झालंय’ म्हणतात. माझे प्रेमळ होते. परिशिष्टातला साडेचारचा आकडा त्यांनीही पाहिला नाही, पण दोष मी त्यांना देणार नाही, प्रबंध माझ्या नावावर होता. एवढंच करा: पहिलं प्रकरण दिल्यावर विचारा, सर, पान अकरावर मी जे लिहिलंय ते पटतंय का? उत्तरावरून कळतं. सही करणारे मिळाले तर वाचणारा माणूस बाहेर शोधा. माझा केबलवाला होता, तुमचा कुणीही असू शकतो.

आणि जुन्या बॅचचा प्रबंध घेऊन वाहिनीचं नाव बदलण्याचा जो धंदा चालतो, त्याबद्दल मला कौतुक अजिबात नाही. पकडले जाल म्हणून नाही म्हणत, बहुतेक जण पकडले जात नाहीत. पण नंतर मुलाखतीत कुणी तुमच्याच विषयावर एक साधा प्रश्न विचारला की तोंडाला कुलूप. मी ते कुलूप अनुभवलंय, तेही स्वतः लिहिलेल्या प्रबंधावर. दहा मिनिटांचे ‘सगळं समजून घ्या’ छाप व्हिडिओ बघायला हरकत नाही. ते बघा आणि मग ते कुठली वर्षं गाळतात ते लिहून काढा.

‘मराठी वाहिन्यांशी तुलना’ हे प्रकरण तुमच्याकडून मागितलं जाईल. जमेल तेवढं टाळा. ‘आयबीएन लोकमत’ २००८ मध्ये आलं, त्यावरचा ‘आजचा सवाल’ घरोघरी पाहिला गेला, त्याआधीच्या वर्षी ‘स्टार माझा’. संध्याकाळच्या चर्चेची सवय आपल्याला लागली ती याच काळात. पण आपला साचा वेगळा आहे. मध्ये एक अँकर आणि भोवती चार, सहा, आठ खिडक्या. ‘क्रॉसफायर’ची नक्कल आपल्याकडे झाली, असं एका वाक्यात लिहून मोकळं होता येतं, पण सिद्ध करायला दुसरा प्रबंध लागेल. मी शेवटी दीड पानात फक्त मांडणीतला फरक लिहिला, तेवढ्यावर एक्स्टर्नल खूष झाले. तेच हळू बोलणारे. दुसऱ्या वेळी त्यांनी भिंतीवरचा चार्टपेपर प्रबंधात घडी घालून लावलेला बघितला, उलगडला, तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘हं.’ त्या ‘हं’वर मी आठवडाभर जगले.

नोकरीचं विचाराल तर, लघुप्रबंधाने नोकरी मिळत नाही. मला एका स्थानिक केबल वाहिनीवर पाहुणे जमवायचं काम मिळालं ते मामाच्या ओळखीने, उगाच खोटं कशाला बोलू. नगरसेवकांना फोन करायचे, कोण कुणाशेजारी बसणार नाही ते लक्षात ठेवायचं, एक आला नाही तर ऐनवेळी पंचवटीतून दुसरा उचलून आणायचा. पगार थोडा, मिसळ भरपूर. चार्टपेपरची सवय मात्र राहिली. ऑफिसातल्या माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे, तिच्यात आमच्या चर्चेच्या कार्यक्रमाची वेळ, लांबी आणि पाहुणे रोज लिहिते. सहकारी हसतात.

गेल्या महिन्यात रात्री नऊचा आमचा कार्यक्रम ‘काही दिवसांसाठी’ संध्याकाळी सहाला घेतलाय. मीटिंगमध्ये सांगितलं गेलं की सणासुदीचं आहे, लोक बाहेर असतात. मी वहीत तारीख टाकली, जुनी वेळ लिहिली, नवी वेळ लिहिली. रात्री मामाला फोन केला. तो जेवत होता. म्हणाला, ‘नऊला आता काय लावलंय ते बघ आधी.’